आधी हातानं फिरव

आईच्या शिलाई मशीनला हात लावायची परवानगी मला मिळाली ती एका अटीवर. पायडलवर पाय ठेवण्याआधी उजव्या हातानं चाक आपल्याकडे फिरवायचं, सुई एकदा पूर्ण खाली जाऊन वर येऊ द्यायची, खालचा धागा वर आला का ते बघायचं, आणि मगच पाय हलवायचा. "आधी हातानं फिरव," कापडावरची नजर न काढता ती म्हणायची. घाईनं पाय दिला आणि सुई मोडली, असं माझ्याकडून एकदाच झालं. आई रागावली नाही. कापडात रुतलेलं सुईचं टोक तिनं चिमटीत धरून काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे डोळ्यात गेलं असतं."

त्याला आता पस्तीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी माझ्या जुन्या, छोट्या सुझुकीच्या बॉनेटखाली वाकून क्रँकच्या बोल्टावर गोटी पाना चढवला, आणि तोंडून आपोआप तेच वाक्य निघालं.

ही गाडी सुझुकीच्या एसजे घराण्यातली, १.३ लिटर इंजिनाची. कुठे ती सामुराई म्हणून ओळखली जाते, कुठे जिम्नी म्हणून, कुठे जिप्सी म्हणून; हाडं तीच. शिडीसारखी चासी, पुढेमागे पात्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ताकद द्यायची की दोनच चाकांना, हे ठरवणारी एक वेगळी दांडी, आणि या सगळ्याचं वजन साधारण हजार किलोच्या आतबाहेर. या घराण्याची पहिली सुझुकी १९७० सालची, एलजे१०. तिच्यात ३५९ सीसीचं, हवेनं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन होतं आणि जपानच्या छोट्या गाड्यांच्या नियमात लांबी बसावी म्हणून स्टेपनी मागच्या दाराला न लावता आतच ठेवलेली होती. आकार लहान ठेवायचा, पण जिथे जायचं तिथे पोचायचंच, हा हट्ट त्या पहिल्या गाडीपासूनचा आहे. चिखलाच्या चढावर जड गाड्या रुतून बसतात तिथून ही हलकी पोरगी वर निघून जाते, तेव्हा मला तो हट्ट चाकांतून जाणवतो.

मी तिची तिसरी मालकीण. आधीच्या दोघांनी तिला जीव लावलेला होता, हे पहिल्या दिवशीच कळलं. सीटा नीट शिवलेल्या होत्या, चासीला गंज नव्हता. पण कागद नव्हते. तेल कधी बदललं, क्लच कधी टाकला, याची एकही नोंद नाही. आणि इंजिनाच्या आतल्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, त्याच्या झाकणाच्या बोल्टांपैकी एक बोल्ट बाकीच्यांहून वेगळा होता, थोडा लांब, वेगळ्या डोक्याचा. म्हणजे ते झाकण कोणीतरी कधीतरी उघडलं होतं. कधी? पाच वर्षांपूर्वी की पंधरा? त्या एका वेगळ्या बोल्टानं माझी झोप बरीच खाल्ली.

कारण टायमिंग बेल्ट बोलत नाही. टायमिंगची साखळी जुनी झाली की खुळखुळते, सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना समोरून दोन-चार सेकंद खणखण ऐकू येते. पंख्याचा बेल्ट सैल झाला की किंचाळतो. ब्रेक घासले जातात, क्लच घसरतो, बेअरिंग गुणगुणतं. टायमिंग बेल्ट मात्र शेवटच्या क्षणापर्यंत गप्प असतो. त्याचे दात झिजतात, आतले धागे थकतात, रबर कडक होतं, आणि बाहेर काहीही कळत नाही. मग एका चढावर, किंवा सिग्नलला गाडी चालू करताना, दोन-चार दात एकदम निघतात आणि इंजिन बंद पडतं. नंतर स्टार्टर मारला तर इंजिन हलकं, सुळसुळ फिरतं. एकदा ऐकलेला तो आवाज विसरता येत नाही. माझ्या आधीच्या गाडीत मी तो ऐकला होता, रात्री, उतारावर, मोबाईलला रेंज नसलेल्या ठिकाणी. म्हणून या वेळी वाट बघायची नाही असं ठरवलं. बेल्टचं वय माहीत नसेल तर तो संपलेलाच आहे असं धरून चालायचं.

आई त्या आठवड्यात माझ्याकडे राहायला आली होती. मी गाडी पोर्चमध्ये घेतली, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि अवजारं मांडली, तशी ती खुर्ची ओढून समोर येऊन बसली.

"काय बदलायचंय?"

"टायमिंग बेल्ट."

"अगं, टायमिंग तर आमच्या मशीनला असतं."

ती गंमत म्हणून बोलली नव्हती. शिलाई मशीन दुरुस्त करणारे हाच शब्द वापरतात. सुई खाली जाऊन किंचित वर उचलली जाते त्या क्षणी धाग्याचा छोटासा फास तयार होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या हुकाचं टोक तिथून जायला लागतं. ते टोक त्या फासात शिरलं तर टाका पडतो. जरा आधी किंवा जरा उशिरा आलं तर टाका सुटतो, आणि फारच चुकलं तर हुक सुईवर आपटतं. "टायमिंग गेलं की सुई तुटते," आई म्हणाली, आणि मग तिनं जो प्रश्न विचारला तो ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला. "तुझ्या इंजिनात काय कशावर आपटतं?"

मी तिला जुन्या वहीच्या पानावर आकृती काढून दाखवली. खाली क्रँकशाफ्ट. पिस्टनच्या वरखाली होण्यातून तो फिरतो. वर सिलिंडर हेडमध्ये कॅमशाफ्ट. तो व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांचं असतं: आत घेणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं. या चक्रात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक व्हायला हवी. हे साधण्यासाठी वरच्या पुलीला खालच्या पुलीच्या बरोबर दुप्पट दात असतात, आणि दोघींना बांधून ठेवतो तो हा दातेरी पट्टा. काही इंजिनांत जागा इतकी तंग असते की उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच ठिकाणी, फक्त वेगवेगळ्या वेळी असतात. बेल्ट तुटला की कॅम जिथल्या तिथे थांबतो, पिस्टन मात्र वेगानं वर येत राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला भोक पडतं. काही इंजिनांत तेवढी मोकळीक ठेवलेली असते, तिथे बेल्ट तुटला तर गाडी फक्त बंद पडते. पण डोंगरात फक्त बंद पडणं हीही काही लहान गोष्ट नाही.

"म्हणजे सुई आणि हुक," आई म्हणाली.

हो. आणि हे नातं तिला वाटलं त्याहून जवळचं आहे. फिरत्या हुकाच्या मशीनमध्ये सुईच्या एका टाक्याला हुक दोन फेऱ्या घेतं. तिथंही दोनास एकच. आणि हा दातेरी पट्टा मुळात गाडीसाठी जन्मलाच नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत गिल्मर कंपनीतल्या रिचर्ड केस यांनी तो घडवला, सिंगरच्या शिलाई मशीनसाठी. सुई आणि बॉबिन यांचा मेळ न घसरता राहावा, आणि धातूच्या दातांचा खडखडाट व तेलाचे डाग टळावेत, अशी ती गरज होती. गाडीच्या इंजिनात तो नंतर आला. मोठ्या संख्येनं बनलेल्या गाड्यांमध्ये पहिली १९६२ ची जर्मन ग्लास १००४. तिच्यानंतर हळूहळू जगभरच्या छोट्या इंजिनांनी तो घेतला, कारण तो हलका, आवाज न करणारा आणि तेल न मागणारा. नंतरच्या काही इंजिनांत सुझुकीनं साखळी वापरली, हेही खरं. मला दोन्हीबद्दल आदर आहे. पण आईच्या मशीनमधून निघून माझ्या इंजिनात पोचलेल्या या पट्ट्याबद्दल त्या दिवसापासून जरा जास्तच माया वाटते.

आणखी एक साम्य आईनंच दाखवलं. तिच्या जुन्या मशीनला खालच्या मोठ्या चाकापासून वर जाणारी चामड्याची वादी होती. ती सैल पडायची, घसरायची, आणि काही बिघडायचं नाही. फार तर मशीन हळू चालायचं. वादी कापून पुन्हा पिन मारायची, झालं काम. पण मशीनच्या पोटातलं, सुई आणि हुकाला जोडणारं जे काही होतं ते एका केसाइतकंही घसरून चालायचं नाही. गाडीतही तसंच आहे. पंखा, अल्टरनेटर, पाण्याचा पंप यांना फिरवणारा बाहेरचा बेल्ट गुळगुळीत असतो. तो घसरला तर ओरडतो, आपण ताणून घेतो. आतल्याला दात आहेत, कारण त्यानं घसरायचंच नाहीये.

कामाला लागले. या इंजिनाची मोठी कृपा म्हणजे ते लांबीत बसवलेलं आहे, तोंड पुढे. आडव्या इंजिनाच्या गाडीत हा बेल्ट बदलताना हात चाकाच्या कमानीत आणि इंजिनाचा माउंट काढत अडकतात. इथे रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये हात शिरतात. मी रेडिएटरच्या जाळीला जाड पुठ्ठा लावला, कारण निसटलेला पाना त्या नाजूक पापुद्र्यांवर आदळला की एक काम संपायच्या आधी दुसरं उभं राहतं. मग पंख्याची शेरवानी म्हणावी अशी ती प्लॅस्टिकची कमान सैल केली, पंखा आणि त्याची पुली काढली, बाहेरचा बेल्ट उतरवला. क्रँकची बाहेरची पुली मधल्या मोठ्या बोल्टाभोवतीच्या छोट्या बोल्टांवर बसलेली असते. ते काढले की ती हातात येते. मग झाकण. वेगळा बोल्ट मी सर्वात शेवटी काढला.

झाकणाच्या आत बारीक, पिवळट माती होती. पाण्यातून, धुळीतून जाणाऱ्या गाडीत हे होतंच. झाकणाच्या कडेचं स्पंजासारखं गॅस्केट कुजतं आणि प्रत्येक ओढा थोडं काहीतरी आत ठेवून जातो. बेल्ट आणि पुलीच्या दातांमध्ये हीच माती सँडपेपरचं काम करते. खाली मात्र मातीचा रंग काळा होता, ओला. वरच्या कॅमच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत होतं. रबराच्या पट्ट्याला तेलासारखा शत्रू नाही. रबर फुगतं, दातांवरचं कापड सुटतं. एवढी माहिती गाडीनं मला उघडताक्षणी दिली, आणि तेव्हाच ठरलं की नुसता बेल्ट बदलून भागणार नाही. कॅमचं सील, क्रँकचं सील आणि बेल्टला ताणून धरणारा टेन्शनरही बदलायचा.

क्रँकचं सील बदलायचं म्हणजे मधला मोठा बोल्ट काढणं आलं. तो सैल करायला क्रँक धरून ठेवावा लागतो. मी गाडी चारही चाकांच्या गिअरमध्ये टाकली आणि आईला म्हटलं, "आई, आत बसून ब्रेक दाबतेस?" ती बसली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण तो पाय तीस वर्षं पायडलवर चाललेला. मी लांब दांडीचा पाना लावून सगळा भार टाकला तेव्हा गाडी बोटभरही हलली नाही. कट्ट असा आवाज आला आणि बोल्ट सुटला.

या बोल्टाबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण सुझुकीच्या या जुन्या इंजिनांत सगळ्यात वाईट दुखणं बेल्टचं नसून याचं असतं. क्रँकच्या टोकावर दातेरी पुली बसते आणि ती फिरू नये म्हणून मध्ये एक छोटी लोखंडी चावी असते, शाफ्टच्या खाचेत अर्धी, पुलीच्या खाचेत अर्धी. खरं बळ मात्र चावीचं नसतं. बोल्ट घट्ट आवळलेला असला की पुली शाफ्टवर दाबून धरली जाते आणि चावीला फक्त जागा दाखवायचं काम उरतं. बोल्ट जरा कमी आवळला गेला की पुली सूक्ष्म हलू लागते, प्रत्येक ठिणगीगणिक मागेपुढे, मिनिटाला हजारो वेळा. चावी खाल्ली जाते, मग खाच खाल्ली जाते, आणि ती खाच क्रँकशाफ्टमध्येच कोरलेली असल्यामुळे तिथं झालेली झीज म्हणजे संपूर्ण इंजिन खोलण्याचा प्रसंग. बेल्ट बदलणाऱ्याच्या एका आळसातून हे सुरू होतं. मी चावी काढून नखानं चारही कडा तपासल्या. कडा धारदार होत्या. खाचेत बोट फिरवलं, एकसारखी. त्या वेगळ्या बोल्टाच्या माणसाबद्दल मनात असलेली अढी तिथे सुटली. बोल्ट त्यानं हरवला असेल, पण हा त्यानं नीट आवळला होता. परत बसवताना बोल्ट स्वच्छ केला, त्याच्या आट्यांना लॉक करणारा द्रव लावला आणि टॉर्क रेंचनं आवळला, मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत. अंदाज नाही.

पण हे पुढचं झालं. जुना बेल्ट उतरवण्याआधी खुणा जुळवायच्या असतात, आणि मला वाटतं या कामाचा जीव तिथेच आहे. वरच्या पुलीवर एक खूण असते आणि तिच्या मागच्या झाकणावर एक खाच. खालच्या पुलीवर एक ठिपका आणि ऑइल पंपाच्या अंगावर एक बाण. चारही स्पार्क प्लग काढले की दाब राहत नाही आणि इंजिन पान्यानं सहज फिरतं. नेहमी पुढून बघताना घड्याळाच्या दिशेनं, कधीच उलट नाही. फिरवत राहायचं. खालच्या खुणा जुळल्या आणि वरची खूण तळाशी असली तर अजून एक फेरी. कारण खालच्याच्या दोन फेऱ्यांत वरची एकदाच येते. दोन्ही जुळल्या की थांबायचं. तरीही मी जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. अनुभवी लोक असं करत नाहीत. मी करते. कारखान्यात ठोकलेल्या खुणेवर माझा विश्वास आहे, माझ्या डोळ्यांवर अर्धाच.

बेल्ट उतरला. तो दिसायला ठीकठाक होता. वरून काळा, गुळगुळीत, चीर नाही. मी तो आईकडे दिला. तिनं चष्मा वर केला, पट्टा बोटांत घेतला आणि दातांच्या बाजूनं अंगठा फिरवत गेली. "हे कापड आहे की गं," ती म्हणाली. होच. दातांवर नायलॉनचं विणलेलं कापड चढवलेलं असतं, झीज त्यानं सोसायची म्हणून. आत लांबीच्या दिशेनं काचेच्या तंतूंचे पीळ दिलेले दोर, ओढ त्यांनी सोसायची. आणि या दोन्हींना धरून ठेवणारं रबर. उभा धागा, वरचं अस्तर, मधला भराव. आईनं एका जागी पट्टा उलटा वाकवला आणि उजेडात धरला. दाताच्या मुळाशी केसासारखी रेघ उघडली. मग पुढच्या दाताशी. मग त्याच्या पुढच्या. "शिवण इथून उसवणार होती," ती म्हणाली, आणि मी काही बोलू शकले नाही, कारण मीही पाहिला होता तो पट्टा, आणि मला एकही रेघ दिसली नव्हती.

नवा पट्टा असा वाकवायचा नसतो. आतले काचेचे तंतू एकदा मोडले की ते बाहेरून दिसत नाही, आणि तो बेल्ट बसवायच्या आधीच जखमी झालेला असतो. पीळ द्यायचा नाही, उलटा करायचा नाही, स्क्रू ड्रायव्हरनं ढकलून पुलीवर चढवायचा नाही. मी तो पाकिटातून काढला तेव्हा आईनं साबणानं धुतलेले हात पुढे केले. तेलकट हातांनी पांढरं कापड कोणी धरत नाही, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

सीलं बसली, नवा टेन्शनर आणि त्याची स्प्रिंग बसली. बेल्ट चढवला, टेन्शनर मोकळा सोडला. स्प्रिंगनं झोल ओढून घेतला. मी बोल्ट आवळला. सगळं जुळलेलं दिसत होतं. संध्याकाळ होत आली होती आणि मला झाकण लावून टाकायचं होतं.

"फिरवलंस का हातानं?" आई.

क्रँकच्या पूर्ण दोन फेऱ्या, हळू, पान्यानं. खालचा ठिपका बाणावर आला. वरची खूण खाचेच्या अलीकडे थांबली होती. एक दात.

एका दाताचा हिशेब सांगते. समजा क्रँकच्या पुलीला २० दात असले, तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकचे १८ अंश. व्हॉल्व्ह त्या मानानं उशिरा उघडणार, उशिरा मिटणार. इंजिन कदाचित चालू झालं असतं. हेच तर यातलं फसवं आहे. ते चाललं असतं, पण अंगात बळ नसल्यासारखं. चढावर दमलं असतं, पेट्रोल जास्त प्यायलं असतं, आणि मी कार्ब्युरेटर, प्लग, ठिणगीची वेळ असं सगळं महिनाभर तपासत बसले असते.

कारण मॅन्युअलमध्ये होतं. मी वाचून सोडून दिलेलं एक वाक्य. टेन्शनर सोडण्याआधी वरचं टॅपेट कव्हर उघडून सगळ्या रॉकरचे, म्हणजे कॅमच्या ढकलण्यानं व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या दांड्यांचे, ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करायचे. का, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सतत एका बाजूला ढकलत असतात. कॅम मोकळा नसला की टेन्शनरची बिचारी छोटी स्प्रिंग सगळा झोल स्वतःकडे ओढू शकत नाही. ओढीच्या बाजूला थोडा झोल लपून राहतो आणि इंजिन फिरलं की तो बाहेर येतो. ते स्क्रू सैल केले म्हणजे आठही व्हॉल्व्हचं टॅपेट सेटिंग नंतर पुन्हा करावं लागणार, म्हणून मी ते टाळलं होतं. त्या रात्री मी झाकण लावलं नाही. जाड चादरीनं इंजिन झाकलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅपेट कव्हर उघडलं, आठही स्क्रू सैल केले. कॅम हातानं हलका फिरला, जिवंत काहीतरी सोडवल्यासारखा. खुणा पुन्हा जुळवल्या, बेल्ट चढवला. या वेळी टेन्शनर नसलेली बाजू आधी तंग धरून. टेन्शनर सोडला. दोन फेऱ्या. बोल्ट आवळला. पुन्हा दोन फेऱ्या. खालचा ठिपका बाणावर, वरची खूण खाचेत. आईला बोलावून दाखवलं. तिनं दोन्ही खुणांवर बोट ठेवलं, आधी खाली, मग वर.

मग टॅपेट. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये एक फट ठेवायची असते, कारण गरम झाल्यावर धातू वाढतो. थंड इंजिनात इनटेकला साधारण ०.१५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.१८. एक्झॉस्ट जास्त तापतो म्हणून त्याला जास्त जागा. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या साधनाचं, ठरलेल्या जाडीचं पातं त्या फटीत सरकवायचं. ते सुटं पडायला नको आणि अडकायलाही नको, लोण्यातून सुरी ओढावी तसं ओढलं जायला हवं. मग स्क्रू धरून नट आवळायचा, आणि आवळताना फट बदलते म्हणून पुन्हा मोजायची. आठ वेळा. यात दुपार गेली. कंटाळा आला नाही, हे मुद्दाम लिहिते. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी दोन-दोन, तीन-तीन वेळा पातं ओढून बघताना जी शांतता असते ती मला दुसऱ्या कुठल्या कामात सापडत नाही.

झाकणाला नवं गॅस्केट लावलं. वेगळ्या बोल्टाच्या जागी योग्य लांबीचा बोल्ट. पुली, पंखा, बाहेरचा बेल्ट, प्लग, बॅटरीची तार. झाकणावर कागदी टेप चिकटवून तारीख आणि किलोमीटर लिहिले, ठळक, पुढच्या मालकाला वाचता येतील असे.

स्टार्टर दिला. दुसऱ्याच फिरकीला इंजिन धरलं. मी आतच बसून राहिले, हात स्टीअरिंगवर. आवाज स्थिर झाला. आई पुढे उभी होती. तिनं मडगार्डवर तळहात सपाट ठेवला, मशीनच्या डोक्यावर ठेवायची तसा, आणि मान थोडी वाकडी करून ऐकत राहिली. पंखा तिच्यापासून लांब आहे ना, हे मी दोनदा बघितलं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "एक टाका सैल आहे."

मला काही ऐकू येत नव्हतं. मी इंजिन बंद केलं नाही, खाली उतरून तिच्याजवळ गेले, तिच्यासारखाच हात ठेवला. ठोक्यांच्या ओळीत एक ठोका होता, बाकीच्यांहून किंचित कोरडा. टिक. दर काही ठोक्यांनी, ठरलेल्या जागी.

रात्रभर इंजिन थंड होऊ दिलं. सकाळी तिची खुर्ची मी आधी बाहेर ठेवली, मग कव्हर उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट. ०.१८ चं पातं हाताला न लागता आत गेलं, ०.२५ चं जाऊन बसलं. नट आवळताना स्क्रू माझ्या हातून फिरला असणार. तो सैल केला, पातं ठेवलं, ओढलं, पुन्हा ओढलं. आईनं हात पुढे केला, तसं पात्याचं टोक तिच्या चिमटीत दिलं. तिनं ते हळू मागेपुढे केलं आणि मान हलवली. मी नट आवळला.